माळ्यावरचं सफरचंद

ओबरलिंडा, १९ नोव्हेंबर १७६०

प्रिय सिडोनीताई,

तुझं पत्र आणि कॉफीची पुडी पोचली. आम्ही खुशाल आहोत असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिते. सेंट मार्टिनच्या सणाला यंदा दरवर्षीसारखा हंस कापला नाही. बाबांनी रविवारी चर्चमध्ये प्रवचन केलं नाही.

तू लिहितेस, तुझ्या कॉफीच्या बैठकीत सगळ्याजणी विचारतात, "धाकटीचं पत्र कधी गं येणार?" मागचं तू दोनदा वाचून दाखवलंस. तुझ्या घरी मुक्काम ठोकलेले कप्तानसाहेब तर डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले म्हणे.

माझ्या कुठल्या वाक्याला हसले ते मला माहीत आहे. "यंदा आमच्या माळ्यावर सहा फुटी सफरचंद पिकलंय. मिशीवालं. आणि घोरतं!"

सणाआधीच्या गुरुवारी जेवणवेळी सहा शिपाई आले. घर धुंडाळलंच नाही. हवालदार मलाच म्हणाला, "काय बाई, मिशीवालं सफरचंद कुठं ठेवलंय?"

पलटणीतून पळून आलेल्या आपल्या लेबेरेख्टदादाला त्यांनी पाय धरून जिन्यावरून ओढलं. प्रत्येक पायरीवर त्याचं डोकं आपटत होतं. बाबा आडवे गेले, तर बंदुकीच्या दस्त्याने त्यांचे पुढचे दात पाडले.

शनिवारी चौकात शंभर-शंभर शिपायांच्या दोन रांगा लावल्या. प्रत्येकाच्या हातात ओली छडी; मधून लेबेरेख्टला फिरवलं. त्याला पळता येऊ नये म्हणून एकजण छातीला भाला लावून पुढे उलटा चालत होता. किंकाळ्या ऐकू जाऊ नयेत म्हणून ढोल बडवत होते. दुसऱ्या खेपेला पाठीवर कातडी उरली नाही. तिसऱ्या खेपेला तो पडला, तर गवतावर टाकून उरलेले फटके मारले.

मी जवळ गेले. कळ सोसायला दातांत धरलेली शिशाची गोळी थुंकून तो म्हणाला, "काय गं युले, आता हेपण लिहिणार ना?"

सोमवारी गेला.

ताई, तुला शिव्या घालाव्यात असं फार वाटतं. पण कप्तान बैठकीला बसतो हे तूच मला कळवलं होतंस. तू मोठ्यांदा वाचतेस हेही ठाऊक होतं. वाटलं, त्याला काय कळणार! खरं सांगू? ते वाक्य मी तीनदा घोटून लिहिलं होतं. खोडायला जीव होईना.

हे पत्र लपवू नकोस. बुधवारी सगळ्यांना बोलाव, कप्तानसाहेबांना पुढची खुर्ची दे, आणि वाच. एक ओळही गाळू नकोस.

जिची पत्रं सगळ्यांना आवडतात ती तुझी बहीण,
युलियाना