गाठ माझ्याशी आहे

फरीदाबाद,
२० जानेवारी २००१

चि. सौ. लतिका हिस,
अ. उ. आ.

इकडे ठीक म्हणायचं. केमो चालू आहे, तोंडाला चव नाही. आज शेजारच्या नीलमने हिंदी पेपर आणून दाखवला. द्वारकेत तुझ्या सोसायटीत हळदीकुंकू झालं म्हणे, आणि अंडाशयाच्या ज्या दुर्मीळ कर्करोगाकडे कोणी बघत नाही, त्याच्या संशोधनासाठी निधी जमला. फोटो तुझा. अंबाडा, गजरा, आणि अंगावर माझी काळी चंद्रकळा!

अगं, कर्करोग मला झालाय आणि हार तुझ्या गळ्यात? संक्रांतीला वाण लुटायचं असतं, तू बायकांनाच लुटलंस, ते बरं केलंस. पण जावेला बोलवावंसं वाटलं नाही? मला हेवा वाटला, स्पष्टच लिहिते. तुझ्या केसांचा तर फारच. पुन्हा मला न विचारता माझ्या आजाराचा सोहळा केलास, तर गाठ माझ्याशी आहे.

महेशभाऊजींना नमस्कार. रागावले तरी लोभ आहेच.

तुझी जाऊ,
शालिनी

द्वारका,
२५ जानेवारी

ती. सौ. शालिनीवहिनींस,
शि. सा. न. वि. वि.

फोन केला असता, पण रागावलात की तुम्ही रिसीव्हर ठेवून देता. तुम्हाला गर्दीत नेऊ नका, असं डॉक्टरांनी अशोकदादांना बजावलं होतं, म्हणून बोलावलं नाही. चंद्रकळा तुम्ही नेसायला दिली होतीत, ठेवून घ्यायला नाही, कबूल. आणि हेवा काय तुम्हालाच वाटतो? लग्न होऊन आल्यापासून माझ्या प्रत्येक आमटीला शालिनीच्या हाताची सर नाही, हेच ऐकतेय. एकदा माझं कौतुक झालं, बरं वाटलं.

तुमचं ‘गाठ माझ्याशी आहे’ वाचून हसले, मग रडू आलं. संशोधन करणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणतात, निधी आला, पण ऑपरेशनमध्ये काढलेली गाठ मिळाल्याशिवाय काम सुरू होत नाही. हा आजार झालेल्या बायका मुळात थोड्या, त्यात घरचे बोभाटा नको म्हणून नकार देतात. तुमची गाठ हॉस्पिटलात जपून ठेवली आहे. फक्त तुमची संमती हवी. विचारायचा धीर होत नव्हता. औषध निघायला बरीच वर्षं लागतील, हेही त्यांनी सांगितलंय.

राग गिळा, लोभ तेवढा शिल्लक ठेवा.

आपली,
लतिका

फरीदाबाद,
३१ जानेवारी

चि. सौ. लतिका हिस,
अनेक आशीर्वाद.

संमती कळवली. हे म्हणत होते, नको, चार लोकांत नाव होईल. मी म्हटलं, फोटो तर आला नाही, नाव तरी होऊ दे. डॉक्टरीणबाईंना सांग, पैसे लतिकाने आणले, पण गाठ शालिनीची आहे. हा मान मी तुला देणार नाही.

चंद्रकळा ठेव. पुढच्या संक्रांतीचं माझं मला ठाऊक नाही. तुझा हेवा गेला गं, आता दुसऱ्याच बाईचा वाटतो. कधीतरी औषध निघेल, आणि कुणी एक बाई बरी होऊन घरी जाईल, आरशासमोर बसून अंबाडा घालेल. तिचा हेवा वाटतो, लतिका, फार वाटतो. भेटली तर चंद्रकळा तिला नेसव.

लोभ असू दे, तिच्यावरही.

तुझी,
शालिनी