जीप कोण चालवून राहिलं होतं

सौंसर
सोमवार, १० फेब्रुवारी १९८६

चि. उर्मिलेस आईचे पोटभर आशीर्वाद.

आधी विम्याचा माणूस आला. मोहगावचे पाहुणे आले समजून तुझ्या भावानं, प्रभाकरनं, त्याले हात जोडले, मी पोह्याची प्लेट दिली. अर्धे पोहे खाऊन तो विचारते, "जीप कोण चालवून राहिलं होतं?" तेवढ्यात खरे पाहुणे दारात! स्थळ तू सुचवलेलं, म्हणून तुले पहिले कळवते. पोरगा गोरा आहे, लाजते लई. आपल्या प्रभाकरची वंदना पिवळ्या साडीत अशी दिसली का मीच दृष्ट काढली. पोराच्या आईनं, केसरबाईनं, तिचा हात धरला.

"हाताले घट्टे कशाचे वो?"

"विहिरीच्या दोराचे," मी म्हटलं. विहिरीवर मोटर कधीची बसली, तुले माहीत आहे.

जामसांवलीचं प्रभाकरनं लिहिलंच असंल. मारुतीचं दर्शन घेऊन येत होतो, म्हैस आडवी आली, जीप वळवली, अन् आपल्या संत्र्याच्या बागेतला गडी हिरामण सायकलसकट नालीत. पाय मोडला. वंदनाचा भाऊ दिलीप चालवत होता, असं लिहिलं असंल. तसंच ठरलं घरात.

दिलीप तं त्या दिवशी घरी ताप घेऊन झोपला होता, बाई. जीप वंदनाच चालवत होती, मी बाजूले बसली होती. बापाले मोतीबिंदू झाल्यापासून मंडीत संत्रा तीच नेते. लायसन आहे तिच्याजवळ, छिंदवाड्याहून आणलेलं. हिरामणले उचलून दवाखान्यातही तिनंच नेलं. हात नाही कापला पोट्टीचा! भाऊ असता तं रडत बसला असता. मले एवढा आनंद, अन् सांगू कोणाले?

तूच लिहिलं होतं, केसरबाईले गाडी चालवणारी सून नको. म्हणून प्रभाकरनं घाईत पोराचं नाव सांगितलं. अन् विम्यावाला म्हणे, घरचं कोणीही चालवो, पोरगा असो का पोरगी, मालकाची मर्जी अन् लायसन पाहिजे, बस. दिलीपजवळ लायसन कुठं? म्हणजे हिरामणच्या पायासाठी कंपनी काही देणार नाही. यंदा संत्र्याचा मृग बहार आलाच नाही, नागपूरचं ऑपरेशन आपल्याच्यानं होत नाही.

हिरामणले पाहाले गेली. तो हसून म्हणे, "काकू, माझ्याकडेबी आला होता विम्यावाला. मी दिलीपभाऊचंच नाव घेतलं. ताईचं लग्न होऊ द्या पहिले." पाय असा लटकवलेला, अन् मलेच धीर देते!

केसरबाई वंदनाच्या ओटीत नारळ घालून गेली. पसंती आहे. पोरगी नारळ घेऊन जीपजवळच उभी.

"आजी, विम्यावाल्यानं तुले विचारलं तं?"

"मले ऐकू कमी येते म्हणीन."

"मले तं येते ना," म्हणे, अन् आत गेली.

आता विम्यावाला साक्षीले मलेच बसवणार आहे, अन् साखरपुड्याचं बोलाले मोहगावची मंडळीही त्याच दिवशी येऊन राहिली. खोटं बोलली तं हिरामणचा पाय, खरं बोलली तं पोरीचं लग्न. तू ये. केसरबाईले तूच समजावू शकतं. नाही जमलं तं माझ्याजवळ नुसती बस, पण ये.

पुढच्या सीटवर बसलेली,
तुझी आई

विम्यावाला अन् मोहगावचे, दोघंही गुरुवारी येतो म्हणून गेले.