शेवटच्या थांब्यापर्यंत

१२ ऑगस्ट

ती. बाबा आणि ती. आई,

दोघांना सा. न. वि. वि. फोनवर बाबांना निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं ते मनाने रचतात, तेव्हा पत्रच लिही, हे आईचं म्हणणं अखेर पटलं. गेल्या खेपेस मी 'भिंगरीला बरं नाही' म्हटलं, ते तुम्ही 'भिंगरीला बक्षीस मिळालं' असं ऐकलंत आणि शाबासकी देऊन मोकळे झालात.

बाबा, तिला खरंच बरं नाही. ताप नाही, खोकला नाही. पण तीन आठवडे झाले, 'शू आली' म्हणून धावते, दोन थेंब होतात, उठते. पाच मिनिटांत पुन्हा तेच. संध्याकाळी तर पाय आवळून, ओठ मुडपून भिंतीला टेकून उभी राहते आणि दुखतंय म्हणते. साडेचार वर्षांच्या पोरीला धड सांगताही येत नाही. खोदून विचारलं तर म्हणाली की पोटात खाली कुणीतरी मूठ आवळून बसलंय.

लघवी दोनदा तपासली. जंतू नाहीत. सोनोग्राफीत काही नाही. डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, रिपोर्ट चांगले आहेत, घाबरू नका. लोकांना चांगल्या रिपोर्टने हुश्श वाटतं, मला धडकी भरते. काहीच नाही, तर मग दुखतंय काय? त्यांनी आठवडाभर सगळं टिपून ठेवायला सांगितलंय: पाणी किती, शू कधी, शी कधी, दुखलं कधी. दोन दिवस पाकिटांच्या पाठीवर लिहिलं आणि ती पाकिटं हरवली.

शेजारच्या मावशी म्हणाल्या, ही सगळी नाटकं, लक्षच देऊ नकोस. काल मी त्यांचं ऐकलं. अकराव्यांदा धावली तेव्हा ओरडले, आता एका जागी बस म्हणून. बसली. नुसतं डोळ्यांतून पाणी. बाबा, एवढी मोठी बस मी अरुंद गल्लीत सरळ मागे घेते, पण त्या बाथरूमच्या दाराशी तिला कसं जवळ घ्यावं ते मला कळेना.

तुमचे जावई बेकरीतून दुपारी येतात, तिला मांडीवर घेऊन बसतात. त्यांच्या अंगाला पावाचा वास येतो म्हणून ती तेवढा वेळ शांत असते. आईला सांगा, माझी काळजी करू नको. (करणारच आहे, ठाऊक आहे.)

तुमची,
ठमी


१७ ऑगस्ट

चि. ठमाबाई ड्रायव्हर हिस,

अनेक आशीर्वाद, आणि त्यांतले निम्मे वाटेतच भिंगरीला देणे. पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना तुझ्या आईने ते हातातून काढून घेतलं आणि चष्मा नसताना वाचलं, यावरून तिच्या मनाची काय अवस्था झाली ते समज.

मी खिडकीशी बसून लिहितो आहे. शेगडीवर किटली ठेवली आहे आणि तिचं झाकण चक्क भुजंगप्रयातात वाजतंय: लगागा, लगागा, लगागा, लगागा. चौतीस वर्षं पोरांना हे वृत्त फळ्यावर बडवून शिकवलं, आता कळतं की किटलीसमोर बसवलं असतं तरी आलं असतं. खडूच्या ओल्या भुकटीचा वास, दुपारची तिरपी उन्हं, चाळीस पोरांचे एका सुरात डोलणारे माथे... तुझी आई म्हणते, मुद्द्यावर या.

मुद्दा हा. सोबत वही पाठवतो आहे. पाकिटांवर लिहिणं हे मास्तराच्या मुलीला शोभत नाही. रकाने मी आखले आहेत: पाण्याचा निळा, शूचा पिवळा, शीचा तपकिरी, दुखण्याचा लाल. प्रत्येक पानावर कोपऱ्यात एक चिमणी काढली आहे, म्हणजे भिंगरीला वही आपली वाटेल. आठवडा नको, दोन आठवडे भर. आणि भरलेली वही डॉक्टरीणबाईंना दाखवून मग मला पाठव. दुखणं मला समजत नाही, पण वही तपासणं समजतं.

ओरडलीस म्हणून स्वतःला खाऊ नकोस. लेकराला आईचा आवाज चढलेला समजतो, तसा उतरलेलाही समजतो.

खाली तुझ्या आईला जागा ठेवतो.

बाबा

ठमे, वही-बिही ठीक. पोर जेव्हा शूला बसेल तेव्हा तिच्या पायाखाली पाट दे. लोंबकळत्या पायांनी कुणाला धड होतं? मावशीकडे लक्ष देऊ नकोस. आई.


४ सप्टेंबर

ती. बाबा,

सा. न. वही परत पाठवते आहे. सगळ्या चिमण्यांना भिंगरीने मिश्या काढल्या आहेत, त्याचे गुण कापू नका. आईच्या पाटाची युक्ती चांगली, थोडा फरक आहे.

डॉक्टरीणबाईंनी वही चाळली, पोट साफ होत नाही हे बरोबर पकडलं आणि त्यावर औषध दिलं. म्हणाल्या, भरलेल्या आतड्याचा दाब मूत्राशयावर येतो. पण एवढ्याने सगळं उलगडत नाही, असंही म्हणाल्या. खरं बोलणारी बाई आहे.

मी मात्र दमले, बाबा. मंगळवारी संध्याकाळी ती तासभर रडली. पाणी पुढे केलं तर तोंड फिरवते, पाणी प्यालं की शू येते आणि शू आली की दुखतं, असा तिचा हिशोब. एवढासा जीव, आणि तहान मारायला शिकला. परवा स्टिअरिंगवर बसल्या बसल्या वाटलं, काहीतरी मोठं आहे, आणि ते कुणालाच दिसत नाहीये. मागच्या आजींनी हाक मारली, बाई, हिरवा झाला. मला दिवा दिसलाच नव्हता.

वही नीट तपासा. तुमच्या लाल पेनाची मला आयुष्यात पहिल्यांदाच वाट बघावीशी वाटतेय.

ठमी


८ सप्टेंबर

चि. ठमीस,

आशीर्वाद मोठे, पत्र लहान. वही तीन दिवस उशाशी होती. मंगळवार आणि शुक्रवार या दोन वारांना दुपारी एकपासून सहापर्यंत रकाने कोरे आहेत. पहिल्यांदा वाटलं, तू कंटाळा केलास. समासात 'अपूर्ण' असा शेरा मारायला पेन उघडलंसुद्धा. मग दुसऱ्या आठवड्याचं पान काढलं. तेच दोन वार, तेच पाच तास, पाण्याचा घोट नाही, शू नाही. आणि लाल रकाना उघडून बघ: सगळ्यात वाईट संध्याकाळी त्याच दोन. बुधवार आणि शनिवार त्यांच्या शेपटासारखे, जरा कमी. रविवारी तर लाल रकाना जवळजवळ रिकामा.

तू विसरलेली नाहीस, तिने खरंच काही केलेलं नाही, असं मला वाटतं. त्या दोन दुपारी भिंगरी कुठे असते?

उलट टपाली लिही.

बाबा


१२ सप्टेंबर

ती. बाबा,

सा. न. वि. वि. ती माझ्या बसमध्ये असते.

मंगळवारी आणि शुक्रवारी बेकरीत दुप्पट काम असतं, म्हणून बालवाडी सुटल्यावर तिला मी बसमध्येच घेते. डेपोचे साहेब कानाडोळा करतात. माझ्या मागच्याच सीटवर बसते, खिडकीशी, हातात डब्याचं झाकण धरून. ते तिचं स्टिअरिंग. मी वळले की तीही वळते. प्रवासी तिला धाकट्या ड्रायव्हरबाई म्हणतात.

तुमचं पत्र वाचून तिला जवळ घेतलं आणि सहज विचारलं, बसमध्ये असताना शू येत नाही का गं? तर म्हणाली, येते की, पण ड्रायव्हर शेवटच्या थांब्यापर्यंत उतरत नसतात. म्हटलं, शेवटच्या थांब्यावर तरी? तर तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच खुळी. म्हणाली, तिथे तू तरी कुठे जातेस?

बाबा, खरं आहे. जूनमध्ये तिने पहिल्या दिवशी वाटेत शू म्हटलं, तेव्हा मीच हसून म्हटलं होतं की ड्रायव्हर मध्येच उतरत नसतो, दम धर. आणि शेवटच्या थांब्यावर चार मिनिटं मिळतात. संडास डेपोच्या पार मागे, किल्ली कंट्रोलरकडे, ती मागायची लाज. म्हणून आम्ही बायका ड्रायव्हर ड्युटीआधी पाणीच पीत नाही. नऊ वर्षं मी अशीच आहे. ती माझ्यामागे बसून हुबेहूब सगळं शिकली. पाणी न पिणंही.

डॉक्टरीणबाईंना लगेच सांगितलं. म्हणाल्या, आता चित्र जमतंय. लघवीची पिशवी धरून ठेवायला शिकली आणि सोडायचं विसरली, त्यात पाणी कमी, म्हणून जळजळ. शंभर टक्के हेच असं छातीठोक सांगत नाही म्हणाल्या, पण दर दोन तासांनी घड्याळ लावून न्या, घाई करू नका, पाणी पाजा, दोन महिने बघू.

आणि तुम्ही हसू नका, पण मी रात्रभर विचार केला, मला हे कुणी शिकवलं? तुमचाच वर्ग, बाबा. कविता संपेपर्यंत कुणी जागेवरून उठायचं नाही. मी तिसऱ्या बाकावर होते. तेव्हापासून मधल्या सुट्टीआधी मी पाणी पीत नसे. तुमची शिष्या पक्की निघाली, बघा!

ठमी


१६ सप्टेंबर

चि. ठमीस,

तू गमतीने लिहिलंस, हे मला कळतं. तुझी आईही तेच म्हणाली. पण पत्र वाचून झाल्यावर मी चहा घेतला नाही.

मला तो वर्ग अजून दिसतो. चांगली दीर्घ कविता असली की मी डोळे मिटून म्हणत असे. पोरांच्या करंगळ्या वर होत. एक, दोन, कधी चार. डोळे उघडले की त्या दिसत आणि मी हातानेच सांगे, थांबा, शेवटचं कडवं आलं. ते शेवटचं नसे. पुढे सहा असत. मला वाटायचं, कवितेने पोरं भारून गेली आहेत, म्हणून अशी निश्चल बसली आहेत. ठमे, ती दम धरून बसली होती गं. चौतीस वर्षं मी त्याला रसग्रहण समजलो.

आणि त्यांत तू होतीस. बाप म्हणून घरी येऊन एकदाही विचारलं नाही की आज पाणी प्यालीस का. तू चुळबुळ नाही केलीस, तक्रार नाही केलीस, म्हणून मी चारचौघांत अभिमानाने सांगत असे की माझी लेक वर्गात हलतसुद्धा नाही.

आता हे माझ्याकडून आलं, तुझ्याकडे गेलं, आणि त्या एवढ्याशा जिवाच्या पोटात मूठ होऊन बसलं. मी काय करू ते सांग. वही आखून हे फिटत नाही.

बाबा

हे दोन दिवस नीट जेवले नाहीत. चार ओळी बऱ्या लिही. आणि तू स्वतः पाणी पी आधी. आई.


१९ ऑक्टोबर

ती. बाबा,

आधी जेवा. मग पुढचं वाचा. उत्तराला महिना लावला, कारण नुसत्या बऱ्या ओळी नाही, खरी बातमी लिहायची होती; आणि आई फोनवर सांगते की तुमचं जेवण अजून अर्ध्यावरच आहे.

तुम्ही मुद्दाम छळलं नाहीत, मीही नाही. तुम्हाला कविता पुढे न्यायची होती, मला बस. आणि वहीतले कोरे रकाने ना मला दिसले ना डॉक्टरीणबाईंना, ते तुम्हाला दिसले. करंगळ्या कळल्या नसतील तेव्हा, आता कळली एक. एवढं पुरे करा.

आता बातमी. मी कंट्रोलरसाहेबांकडे गेले. त्यांच्या मिश्या तुम्ही पाहिलेल्या नाहीत, वर कबूतर बसेल. म्हटलं, मला प्रत्येक शेवटच्या थांब्यावर आठ मिनिटं हवीत आणि संडासाची किल्ली दाराला टांगलेली हवी. त्यांनी विचारलं, कशाला? सांगितलं, शू करायला. मग त्यांनी वेळापत्रक पुढे ओढलं, बराच वेळ मिशी चावली, आणि म्हणाले की सव्वीस वर्षांत हे कुणी मागितलंच नाही, मला वाटलं तुम्हाला लागतच नाही. आठ नाही, सात मिनिटं मिळाली. आता सगळ्या ड्रायव्हरबाया पाण्याची बाटली घेऊन बसतात. दोन पुरुषांनीही मला कोपऱ्यात गाठून आभार मानले.

पहिल्या शुक्रवारी भिंगरी उतरायलाच तयार नव्हती. मी आधी गेले, ती दाराबाहेर उभी. मी बाहेर आल्यावर तिने मला नीट न्याहाळून विचारलं की ड्रायव्हर मोठा झाल्यावर जाऊ शकतो का. म्हटलं, मोठा झाल्यावरच जातो. मग गेली.

बाबा, गेल्या पंधरा दिवसांत फक्त दोनदा दुखलं. एकदा तर बराच वेळ. तेव्हा मी काही विचारलं नाही, बाथरूमच्या फरशीवर तिच्या शेजारी बसून राहिले. अजून पुरतं गेलं नाही, डॉक्टरीणबाई म्हणाल्या वेळ लागेल. पण परवा स्वतःहून पाणी मागितलं आणि पेला तोंडाला लावून गटागटा संपवला. तुमचे जावई पीठ लागलेल्या हातांनीच डोळे पुसत होते.

एक अडचण आहे. बालवाडीच्या बाईंची चिठ्ठी आलीय. मी त्यांना सगळं सांगून ठेवलं होतं, तरी तक्रार आहे. भिंगरी गाणं चालू असताना न विचारता उठते, सरळ चालू पडते, आणि तिच्यामागे आणखी चार मुलं रांगेने जातात. गाणं अर्धवट राहतं. पालकांनी समज द्यावी, असं लिहिलंय. मास्तरांची बाजू मास्तरांनाच कळणार, म्हणून विचारते. काय उत्तर लिहू?

ठमी


२३ ऑक्टोबर

चि. ठमीस,

आशीर्वाद. जेवलो. दोनदा.

बाईंची अडचण मला समजते. अर्धवट राहिलेलं गाणं मास्तराला दिवसभर बोचतं. तरी असं लिही:

'आपली चिठ्ठी मिळाली. भिंगरी गाणं चालू असताना उठते हे वाचून घरातल्या सर्वांना फार आनंद झाला. तिच्या आजोबांनी चिठ्ठी तीनदा वाचून घेतली. ते स्वतः शिक्षक होते. त्यांचं म्हणणं आहे की ती परत येईपर्यंत गाणं थांबवावं.'

खाली माझी सही घेतली तरी चालेल.

तुझा, तिचा आणि त्या चार मुलांचाही,
बाबा