सैल बेल्ट

४ मार्च
बाबांच्या ट्रकच्या बंपरवर उभी राहून दाबलं. ट्रक खाली-वर, खाली-वर — थांबायचं नावच नाही! मागचे दोन्ही शॉक अ‍ॅब्सॉर्बर कामातून गेलेत. वर इंजिनाचा बेल्ट किंचाळतोय. रविवारी फर्निचरवाला ट्रक बघायला येणार, त्याच्या आत दोन्ही उरकायचं.

विकायचं मीच ठरवलंय. बाबांना हल्ली कडेचं दिसत नाही, फक्त समोरचं. गेल्या महिन्यात शाळेच्या भिंतीपासून वीतभर अंतरावर थांबले! "दिसत होती मला." मग थांबलात कशाला इतक्या उशिरा, असं विचारलं. दोन दिवस अबोला. मला अजून त्या भिंतीची भीती वाटते.

५ मार्च
शॉकचा नट गंजून एकजीव झालाय. तेल ओतलं, शिव्या घातल्या. बाबा स्टुलावर बसून — "नट म्हणजे तुझा नवरा नव्हे, ओरडून ऐकायला." ऐकलं की त्याने! शिव्यांनीच सुटला.

६ मार्च
नवे शॉक बसले. एक मी उलटा लावला होता. बाबांनी पाहिलं, पण सांगितलं मी पूर्ण आवळल्यावरच. खाष्ट माणूस! शेवटचं आवळायच्या आधी ट्रक जॅकवरून उतरव, नाहीतर रबर पिळवटेल — हे मात्र वेळेत सांगितलं.

नवा बेल्टही घातला. तो ताणायला ऑल्टरनेटर पहारीने रेटून धरला, बोल्ट आवळला. अंगठ्याने दाबलं तर अर्धा इंच दबतो. आवाज बंद!

७ मार्च
सकाळी पुन्हा किंचाळी. बेल्ट सैल. नवा आहे, थोडा ताणणारच. आवळला.

८ मार्च
परत सैल!! माझं डोकं सटकलं. दुपारी बाबा झोपल्यावर मी केबिनमध्ये दबा धरून बसले. बॉनेट उघडलं कुणी? आईने! हातात पाना.

"चाळीस वर्षं ह्यांच्या दुरुस्त्यांना टॉर्च धरून उभी होते, एवढं कळतं मला. ट्रक गेला की हे दिवसभर कुठे बसणार? माझ्या स्वयंपाकघरात! डब्यांना चिठ्ठ्या लावतील."

हसू आवरेना. मग म्हटलं, आणि भिंतीत घुसले तर? आईने पाना माझ्या हातात ठेवला आणि रडायला लागली. मीही.

बेल्ट आवळला. पाना उशीखाली.

९ मार्च
फर्निचरवाला आला. बाबांनी चावी फिरवली — किंचाळी! मी आईकडे पाहिलं. तिने मानेनेच सांगितलं, "मी नाही." घरात पाने दोन आहेत, हे मी विसरलेच. बाबांची बोटं काळी होती.

"काय बिघडलंय हो?" फर्निचरवाला म्हणाला.

इंजिन गेलंय, मी सांगितलं. तो गेल्यावर बाबांनी चावी माझ्या हातात दिली आणि जाऊन ड्रायव्हरशेजारच्या सीटवर बसले.