चौदा महिन्यांची दुरुस्ती

मुलुंड पूर्व,
शनिवार, ७ मार्च

ती. लतामावशीस,

आधी दुरुस्ती, मग नमस्कार. मागच्या पत्रात मी 'बाळासाठी चौदा महिने प्रयत्न चालू आहेत' असं लिहिलं होतं. ते चूक आहे. तिथे कृपया 'शून्य' वाचावं. तू त्याच आकड्यावर देवीपुढे गाऱ्हाणं घातलंस, तेव्हा तिलाही कळव. चुकीच्या माहितीवर देवीला कामाला लावलं ही बोच मला कालपासून आहे. आता नमस्कार. काकांचा गुडघा कसा आहे? तेल पुरलं का? मी बरी आहे. इतकी बरी, की काल दवाखान्यातून येताना रिक्षात एकटीच हसत होते आणि रिक्षावाल्याने दोनदा आरशातून पाहिलं. (फोनच करणार होते, पण तुझा फोन कायम स्पीकरवर आणि मालवणच्या तुझ्या ओटीवर कायम कोणीतरी.)

तुला आठवत असेल, मी तेरा वर्षांची झाले तेव्हा आईला लाज वाटली म्हणून तू गोरेगावला येऊन मला सगळं समजावलंस. कॅलेंडरवर खूण करायची ती पाचव्या दिवशी, डोक्यावरून न्हाऊन झाल्यावर. आधीचे चार दिवस धरायचे नाहीत, ते कुणाचेच नसतात. मी ते इतकं मनावर घेतलं की अठरा वर्षांत एकही खूण चुकली नाही. लग्नानंतर फक्त भिंत बदलली. (सासूबाई माझ्या लाल टिंबाला सिलिंडर लावल्याची खूण समजतात आणि आमचा गॅस अगदी मोजून महिनाभर पुरतो, असं बिल्डिंगभर कौतुकाने सांगतात.)

तर जिथे वाचावं तिथे चौदावा दिवस महत्त्वाचा, म्हणून मी टिंबापासून चौदा मोजायचे. त्याआधीचे दिवस कडक पाळायचे, कारण शक्ती राखून ठेवावी असं माझं मत. चौदाव्या दिवशी सासूबाई दुपारी भजनी मंडळात गेल्या की सुबोध पोट दुखतंय सांगून पवईच्या ऑफिसातून घरी यायचा. चौदा महिन्यांत चौदा वेळा पोट दुखल्यावर त्याच्या ऑफिसातल्या राजेशने त्याला पोटाच्या डॉक्टरांचा नंबर दिला आणि वर तपासून आलास का म्हणून रोज विचारायला लागला, तेव्हा बिचारा खरोखर तपासून आला. मी सकाळी उठल्या उठल्या जिभेखाली थर्मामीटर धरत होते, तर सासूबाईंना वाटलं ताप आहे. दुसऱ्या दिवसापासून त्या माझे डोळे उघडायच्या आत गरम काढा घेऊन उभ्या. त्या महिन्यातली सगळी तपमानं काढ्याची आहेत.

हसायला आता येतंय. गेल्या महिन्यात वहिनीच्या बाळाच्या बारशाला मी पाळण्यापासून लांब उभी राहिले. तसं कोणी मला सांगितलं नव्हतं. मीच ठरवलं, की खोट माझ्यातच आहे तर उगाच बाळाला हात कशाला लावा.

काल शेवटी दोघांचे सगळे रिपोर्ट घेऊन डॉक्टर मृणालिनींकडे गेले. रिपोर्ट चांगले आहेत म्हणाल्या. मग विचारलं,

"शेवटची पाळी कधी आली?"

"रविवारी."

"गेल्या?"

"नाही, येत्या."

त्यांनी पेन खाली ठेवलं. मी समजावून सांगितलं, की आज तिसरा दिवस चालू आहे, पण तो धरायचा नसतो. त्यांनी पेन परत उचललं. मग कागदावर घरं आखली. पाळी सुरू झाली तो पहिला दिवस. माझी पाळी अठ्ठावीस दिवसांची, म्हणजे बीज साधारण चौदाव्या दिवशी बाहेर पडतं आणि जेमतेम एक दिवस टिकतं. कामाचे दिवस म्हणजे तो आणि त्याच्या आधीचे पाच. माझा चौदावा म्हणजे त्यांचा अठरावा. थोडक्यात, नेमके कामाचे दिवस मी उपवासासारखे पाळले आणि दर महिन्याला मांडव उतरवल्यावर आहेर घेऊन पोचले. त्यांनी खात्री काही दिली नाही, तीन महिने नीट मोजा, मग बघू म्हणाल्या. मी तीनदा विचारलं, माझ्यात काही नाही ना? तिसऱ्यांदा म्हणाल्या, "खोट तुझ्यात नाही गं, तुझ्या मोजण्यात आहे." मग मी रडले. सुबोधला सांगितलं तर म्हणाला, "म्हणजे माझं पोट उगाचच दुखलं?"

तुझ्यावर राग नाही. तुला तीन मुलं झाली ती तू कधी मोजलं नाहीस म्हणून, हे आता कळलं. उद्या मी न्हाणार आणि सवयीने टिंबही करणार; पण यापुढे ते खरंच सिलिंडरचं.

काकांना नमस्कार.

तुझी, मोजणीत कच्ची,
रुचिरा

ता. क. स्पीड पोस्टने पाठवतेय त्याचं कारण असं, की भजनी मंडळाला पाडव्यापर्यंत सुट्टी आहे आणि आमचं घर केवढं ते तुला माहीत आहे. सासूबाईंना बारा ते सतरा तारखेपर्यंत मालवणला बोलावून घे ना. पालखी, कोकम, काकांचा गुडघा, कारण काहीही सांग (गुडघा सांगितलास तर काकांना आधी कळव). फोन स्पीकरवर असला तरी चालेल.

ता. क. दुसरा. सुबोध म्हणतो हे लिहायची गरज नाही, पण गाऱ्हाण्यात मोघम नको. देवीला सांग: शनिवार, १४ मार्च. अकरावा दिवस. पहिले चार धरून.