उघडता येईल असे यंत्र

३ फेब्रुवारी

यंत्र चालले.

काल प्रकाशने ते नामपूरच्या आपल्या वर्कशॉपमधून टेम्पोत घालून गावात आणले होते. आज सकाळी मंगलाबाईंच्या खळ्यात बसवले. वरून रांगड्या (थंडीत निघणाऱ्या) कांद्याच्या पाट्या ओतल्या. रचना अगदी साधी: उतरते पाइप, वरच्या टोकाला जवळजवळ, खालच्या टोकाला दूर. म्हणून बारीक गोल्टी आधी गळते, मग मध्यम, आणि मोठा कांदा गडगडत शेवटपर्यंत जातो. पहिली गोल्टी नेमकी तिच्या पाटीत पडली तेव्हा शेजारच्या बाईचा हात मी घट्ट धरला होता, हे तिने हात सोडवून घेतल्यावर कळले.

यंत्र बचत गटाचे, मंगलाबाई गटप्रमुख. आजवर दिवसदिवस उकिडवे बसून कांदा निवडणाऱ्या याच साऱ्या जणी. मंगलाबाई यंत्राभोवती एक चक्कर मारून म्हणाल्या, "ताई, गुडघे इचारू राहिले, आज आम्हाला काय काम?"

४ फेब्रु., इंदिरानगर

घरी. अंगातला उत्साह अजून उतरलेला नाही, म्हणून मुद्दे नीट मांडून ठेवते.

मूळ नकाशे माझे नाहीत. दूरदेशीच्या काही मंडळींनी गावाला लागणाऱ्या यंत्रांचे नकाशे इंटरनेटवर सर्वांसाठी खुले ठेवले आहेत; त्यांतला हा एक. मी तो मराठीत आणला, नामपूर-सटाण्यात मिळणाऱ्या पाइपांच्या मापात बसवला, पुन्हा खुला केला. अट एकच: बदल कराल तर तोही सर्वांना द्या. जोडणी फक्त नट-बोल्टची, सगळे बोल्ट एकाच मापाचे, म्हणजे एका पान्याने संपूर्ण यंत्र सुटते व पुन्हा जुळते.

आता खरी परीक्षा. माझ्या वर्गात कधीही न बसलेल्या कोणी तरी, मला न विचारता, दुसरे यंत्र बनवले पाहिजे. तोवर हे यंत्र खुले नाही. नुसते माझे आहे.

ह्यांना हे सविस्तर सांगितले. हे म्हणाले, "तुला न विचारता? तंत्रनिकेतन सोडलंस तरी तू भाजीवाल्याला तराजूचं तत्त्व सांगून येतेस."

मुद्दा बरोबर. नोंदवून ठेवला.

१० फेब्रु.

फोन! कळवणच्या पलीकडच्या एका पाड्यावरून हिरामण नावाचे गृहस्थ. नकाशे मोबाइलवर पाहिले. १६ तारखेला चौघे-पाच जण येऊन यंत्र सोडून पाहणार, मापे घेणार, परत जाऊन स्वतः बनवणार. "आमच्यात एकाला वेल्डिंग जमतं. बाकीचं बघून करू."

बघून करू. दिवसभर हे दोन शब्द कानात.

१२ फेब्रु.

तयारी पाहायला गावात गेले. यंत्र खळ्यात उभे, झकास निळा रंग. जवळ जाऊन पाहिले तर प्रत्येक नटावर वेल्डिंगचा टाका.

एकही नट सुटा नाही. सगळे यंत्र मिळून एकच लोखंड.

प्रकाशला फोन लावला, तो मोटारसायकलवर लगेच आला. चेहरा प्रसन्न, कौतुकाच्या अपेक्षेने.

"मॅडम, पक्कं करून टाकलं. आते कोनी हात लावाव नही."

"प्रकाश, ते सुटण्यासाठीच तर बोल्टचे केले होते."

"सुटत होतं म्हणून तर डाग दिला ना. तुम्ही शहरात. इथं काय चाललं ते या बायांना इचारा."

विचारले. यंत्र रोज एकेका घरी जाते. प्रत्येक घरधनी पाइप आपल्या मनाने सरकवतो: ज्याला माल मोठा दाखवायचा तो फट कमी करतो, ज्याला गोल्टी वेगळी काढायची तो वाढवतो. पुढच्या घरी गेले की पुन्हा वाद. पाणी उपसायच्या मोटारीमुळे तो पाना घरटी आहेच. मी एकाच मापाचा आग्रह धरला तो सोयीसाठी. सोय सगळ्यांचीच झाली.

मंगलाबाई: "परवा दोन सख्खे भाऊ पाना घेऊन एकमेकांसमोर उभे. एकाच वावराचा कांदा. मीच परकाशला म्हटलं, लाव बाबा डाग, मिटव."

पण फट आहे ती रांगड्यासाठी. महिन्या-दीड महिन्यात उन्हाळ कांदा निघेल. त्याचा आकार निराळा. तेव्हा काय? आणि चार दिवसांनी हिरामणची मंडळी येणार ती काय सोडून पाहणार?

मी प्रकाशला व मंगलाबाईंना सरकणे व सुटणे यांतला फरक समजावायला सुरुवात केली. मंगलाबाईंनी चहा मागवला. बराच वेळ झाला असावा.

१४ फेब्रु.

प्रकाशच्या वर्कशॉपमध्ये. ग्राइंडरने सगळे टाके काढणे चालू. स्वतःचेच काम खरवडताना माणूस जसा बोलतो तसा तो बोलत होता. "एवढा गोड टाका बसला होता, मॅडम. तुम्ही नुसतं बघा तरी काढायच्या आधी." पाहिला. खरोखर सुरेख होता. तसे म्हटल्यावर ग्राइंडरचा आवाज जरा निवळला.

उपाय प्रकाश, फोनवर मंगलाबाई आणि मी अशा तिघांच्या बोलण्यातून निघाला. पाइप ज्यात कुठेही सरकतो ती चौकटीची लांब खाच बंद. त्याऐवजी चौकटीच्या पट्टीला प्रत्येक पाइपासाठी ठरावीक भोके: एक रांगड्यासाठी, एक उन्हाळ कांद्यासाठी, एक लाल कांद्यासाठी. पाइप या भोकात किंवा त्या भोकात. मधे कुठे नाही. कोणते भोक ते गट ठरवणार.

प्रकाश: "तीनच भोकं पाडतो. म्हंजी भांडणं बी तीनच."

घरी येऊन नकाशात बदल केला, इंटरनेटवर चढवला. दुरुस्ती करणाऱ्यांत प्रकाशचे व मंगलाबाईंचे नाव घातले. मूळ नकाशात हा प्रश्नच कोणाला पडला नव्हता. त्यांच्याकडे बहुधा घरोघरी यंत्र फिरत नसावे. लहान मुलीसारखा आनंद झाला आहे.

१५ फेब्रु.

मंगलाबाईंचा फोन, स्पीकरवर. "ताई, उद्या या. पण बोलायचं नाही."

"म्हणजे?"

"म्हंजी तुम्ही बोलल्या की ते माना हालवतील आणि घरी जाऊन इसरतील. तुम्हीच म्हटलं होतं, तुम्हाला न इचारता झालं पाहिजे."

ह्यांनी पलीकडच्या खोलीतून टाळ्या वाजवल्या.

१६ फेब्रु.

हिरामण, त्यांची बायको सोनी आणि आणखी तिघे. मला ओट्यावर लसूण सोलायला बसवले. ढीगभर लसूण; मंगलाबाईंनी मुद्दाम आणलेला.

मंडळींनी नकाशाचे कागद खळ्यात पसरले, कोपऱ्यांवर कांदे ठेवले. एकाने पाना लावला. प्रकाशही माझ्या शेजारी येऊन बसला आणि लसूण घेऊ लागला, कारण त्यालाही बोलायचे होते.

सुटले. सगळे सुटले. पाइप एका रांगेत मांडले, सोनीने प्रत्येकाची लांबी दोरीला गाठ मारून घेतली आणि मग हिरामणने टेपने मोजून नकाशाशी ताडून पाहिली.

जोडताना एका पाइपाचे वरचे टोक चुकीच्या भोकात बसले. फट वरच रुंद. मला इथून स्पष्ट दिसत होते. मी प्रकाशकडे पाहिले, त्याने माझ्याकडे. मंगलाबाईंनी आम्हा दोघांकडे पाहिले.

कांदा ओतला. मोठे कांदे वरच गळू लागले. हिरामण: "हा मधलाच असा का करतो?" सोनी खाली वाकून बघत राहिली. "वरून चुकीच्या भोकात निजला आहे तो." काढला, भोक बदलले. झाले.

माझा सगळा लसूण सोलून झाला होता आणि एकही वाक्य बोलले नव्हते. जाताना हिरामण नमस्कार करून मंगलाबाईंना हळूच म्हणाले, "या बाई तुमच्याकडं कामाला का?" त्या म्हणाल्या, "हो, पण लय शिकलेल्या आहेत."

२ मार्च

काही बातमी नाही. नकाशाची पाने किती जणांनी उघडली ते दिसते. कोणी ते कळत नाही.

नवे पान लिहिले: पाइपाला सायकलची जुनी ट्यूब कशी गुंडाळावी, म्हणजे कांद्याची पत्ती, वरची साल, सुटत नाही. आकृतींसह. फार छान झाले आहे, माझे मत.

९ मार्च

हे म्हणाले, "फोन कर ना, विचार." नाही. विचारले की माझ्याकडून सांगितलेही जाईल. मी मला ओळखते.

प्रकाशकडे चौकशी केली. त्याच्याकडेही काही नाही. त्याचे मत: "पाडा लांब आहे. लाइट असंल-नसंल. वेल्डिंगला लाइट पाहिजे." हा मुद्दा माझ्या एकाही पानावर नाही. लाइट नसेल तर काय करावे.

२१ मार्च

आला! फोटो आला. आमच्या मोबाइल-गटावर, हिरामणच्या नंबरवरून.

यंत्र उभे आहे. पाइप नाहीत. बांबू आहेत.

चौकट लोखंडी, तिला भोके, भोकांतून बोल्ट, आणि पाइपांच्या जागी बांबू, वर जवळ, खाली दूर. सोबत फक्त: "पाइप महाग आणि लाइट नव्हती. हे कापून झालं. आमचं चित्र काढलंय, ते कुठं टाकायचं?"

मी स्वयंपाकघरात जाऊन ह्यांना फोटो दाखवला, बाहेर आले, पुन्हा जाऊन दाखवला. मला न विचारता. बदल करून. आणि बदल परत द्यायला विचारताहेत.

चित्र कसे टाकायचे ते कळवले. चार ओळींत. चारच.

प्रकाशचा फोन: "मॅडम, बघितलं का? बांबू. मला वेल्डिंगमधून काढूनच टाकलं त्यांनी." हसत होता, पण पुढचा प्रश्न त्यानेच विचारला, जो मी सकाळपासून स्वतःला विचारत होते. बांबू बुंध्याला जाड, शेंड्याला बारीक, मधे पेरे. मग फट सारखी राहणार कशी?

२२ मार्च

फोटो मोठा करून पाहिला. काही बांबूंचा बुंधा वर आहे, काहींचा खाली. ते आलटून पालटून ठेवले असतील तर फट कदाचित एकसारखी निघेल. किंवा फोटोत तसे दिसते आहे. पेऱ्यांवर कांदा अडणार की नाही, हे गणिताने सांगता येत नाही. मी दुपारभर प्रयत्न केला. उन्हाचा कोरडेपणा लागून बांबू आक्रसेल तेव्हा भोके ढिली पडतील का, तेही नाही.

मला उत्तर माहीत नाही. मी शिकवायला लागल्यापासून असे फार वेळा झालेले नाही, आणि मजा वाटते आहे.

मंगलाबाईंना विचारले, सांगू का त्यांना पेऱ्यांचे? त्या म्हणाल्या, "ताई, बांबूच्या मुलखातली माणसं ती. पण तुमच्या जीवाला लागलं असंल तर इचारा. सांगू नका, इचारा."

तर एकच प्रश्न पाठवला: "पेऱ्यांपाशी काय केले?"

त्यांचा कांदा या आठवड्यात निघणार आहे. उत्तर अजून आलेले नाही. बहुधा यंत्रावर असतील.