गोलाला पापलेटाची जोडी

दादा, मैदानाच्या कोपऱ्यात पत्र्याची नवी शेड झाली आहे आणि तिच्यावर तुझ्या नावाची पाटी लावायचं ठरलं आहे. तू जाऊन इतकी वर्षं झाल्यावर हे लोकांना सुचलं म्हणून तू हसला असतास. पाटीवर काय लिहायचं ते मी ठरवायचं. का, तर मी कॉलेजात गेलेला. अर्ध्यातून सोडलं ते यांच्या हिशेबात नाही. कॉमेंट्रीवाल्या काकांनी मजकूर तसा ठरवूनच ठेवला होता. तेच काका, एसटीतून रिटायर झालेले, भर पावसात माइक पदराखाली घेतल्यासारखा शर्टात धरून बोलायचे ते. म्हणाले, "लिही, अन्याय झाला नसता तर हा पोरगा देशासाठी खेळला असता. तू फक्त जरा नीट शब्दांत बसव." चार जुनी माणसं होती, सगळ्यांनी माना डोलावल्या. मी हो म्हणालो आणि तिथून निघालो. एरवी मी असा निघणारा नाही, तुला माहीत आहे. पण मुंबईच्या क्लबच्या त्या ट्रायलच्या दिवशी नेमकं काय झालं ते तू एकट्या मला सांगितलं होतंस, आणि सांगून झाल्यावर म्हणाला होतास, आयेला कळता कामा नये.

आपल्याकडे फुटबॉल म्हणजे क्रिकेट बंद असतं तेव्हा खेळायची गोष्ट. नारळी पुनवेला होड्या पाण्यात गेल्या की मैदान फुटबॉलचं, आणि दिवाळीनंतर क्रिकेटवाले रोलर घेऊन आले की आपण बाहेर. त्यामुळे बघणारे सगळे क्रिकेटचेच. मॅच सुटली की पहिला प्रश्न, किती मारले? माइकवरून बक्षिसं पुकारायची पद्धतही तिकडचीच, षटकाराला लावतात तशी इथे गोलाला. "पुढच्या गोलाला आपल्या रिक्षा स्टँडकडून भिंतीवरचं घड्याळ." "पुढच्या गोलाला स्टीलची कळशी." आणि काका आवाज चढवून म्हणायचे, "पुढच्या गोलाला मच्छी मार्केटातल्या मावशींकडून पापलेटाची जोडी." ती मावशी म्हणजे तुझी आई. मासळीची पाटी रिकामी करून थेट मैदानावर यायची, बांधावर बसायची आणि पदराने वारा घेत घेत मॅच बघायची. पासला कुणी कधी काही लावलं नाही. पासला काय लावणार?

आणि तू तर मधल्या फळीत. मी पहिल्यांदा तुला बघितलं ती बेलपाड्याच्या पोरांबरोबरची मॅच. चिखल असा की बॉल पडला तिथेच रुतायचा. तू धावत नाहीयेस, उभा आहेस, मान इकडून तिकडे फिरवतो आहेस, जणू रस्ता ओलांडायचा आहे. बॉल तुझ्याकडे येतो आणि तू तो अशा जागी टाकतोस जिथे कुणीच नाही. बांधावर शिव्या सुरू होतात, अरे कुणाला दिला? आणि तेवढ्यात आपला एक पोरगा तिथे पोचलेला असतो, त्याच्यासमोर फक्त गोलकीपर. गोल होतो. पोरगा शर्ट काढून पळत सुटतो, काका त्याचं नाव घेऊन घसा फोडतात, आणि तू खाली वाकून मोज्यातला चिखल काढत बसलेला. त्या दिवशीची पापलेटंही त्याच पोराने नेली. मी तुझ्या आईच्या मागेच उभा होतो. ती म्हणाली, "बगा, घरची पापलेटं दर खेपंला शेजारी शिजतात. अरं, तू कवा मारशील गोल?" सगळा बांध हसला. तूही हसलास.

त्याच सीझनला मी तिला मॅच बघायला आणलं होतं. ती म्हणजे माझ्या वर्गातली, खांदा कॉलनीची, जिच्यासाठी मी रोज नको असलेल्या लेक्चरलाही बसायचो. फुटबॉलमधलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. गोल झाल्यावर सगळे ओरडत होते, आणि ही मला विचारते, "पण हा गोल त्याचा कसा? त्या दाढीवाल्याने तर त्याच्या पायाशी आणून ठेवला." दाढीवाला म्हणजे तू. मी तुला ते नंतर सांगितलं तेव्हा तू चहाचा ग्लास खाली ठेवलास. म्हणालास, "ती पोरगी बगते. बाकी समदे आपले आरडतात. तिला सोडू नको." बस, एवढंच. मी ते वाक्य कित्येक दिवस छातीशी धरून फिरत होतो.

आणि मग, दोन-अडीच वर्षांनी, मी तिला घालवली. कॉलेजच्या कँटीनमध्ये एक जण तिच्यावरून काहीतरी घाण बोलला आणि मी त्याचा दात पाडला. प्राचार्य म्हणाले, सगळ्यांसमोर माफी माग आणि विषय संपव. मी म्हणालो, मेलो तरी नाही. बॅग उचलली आणि गेटबाहेर आलो. मला वाटलं होतं ती माझ्यामागे धावत येईल. ती आली, पण रागाने लाल होऊन. म्हणाली, "आता सगळ्या कॉलेजला माझं नाव माहीत झालं, तुझ्यामुळे." घरी बाबांनी बोलणं टाकलं. बँकेत नोकरी करणाऱ्या माणसाचा मुलगा कॉलेज सोडून मारामाऱ्या करतो, हे त्यांना सोसायटीत तोंडाने सांगवेना. मी जायचं कुठे? तुझ्याकडे आलो.

तू घरी एकटा होतास, आई मार्केटला गेली होती. स्टोव्हवर तवा, तू बोंबील तळत होतास. मी सगळी हकिकत सांगितली, जरा रंगवूनच सांगितली, दात कसा पडला वगैरे. मला वाटलं तू पाठ थोपटशील. तू बोंबील उलटलास आणि विचारलंस, "ती बोलली व्हती मारायला?"

"नाही."

"तिला बरं वाटलं?"

"नाही."

"मग कोनासाठी मारलास?"

मी पिठाची ताटली तुझ्याकडे सरकवली.

"कँटीनमधी पोरं बगत व्हती ना, त्यांच्यासाठी मारलास," तू म्हणालास. "मला शिकवू नको. मी पन तेच केलंय."

आणि मग तू ट्रायलचं सांगितलंस. मुंबईच्या मोठ्या क्लबची ट्रायल, जिच्यासाठी सगळ्या गावाने तुला स्टँडपर्यंत वाजतगाजत नेलं होतं. तिथून तू परत आलास तो तोंड मिटूनच, आणि काकांनी स्टँडवरच निकाल दिला, की पैसे खाल्ले, वशिल्याचा घेतला. तू नुसतं हं म्हणाला होतास. खरं काय झालं ते त्या दिवशी बोंबलाच्या धुरात कळलं. त्याआधीच्या दोन वर्षांत तू गोल मारायला शिकला होतास. आईची पापलेटं एकदा तरी घरी यावीत एवढ्यासाठी. आली पण. तुला लांबून मारता येतं हे कळल्यावर बांधावरून 'मार, मार' सुरू झालं, आणि तुझ्या पायाला तीच सवय लागली. ट्रायलला पहिलाच बॉल आला तेव्हा उजवीकडे एक पोरगा एकदम मोकळा, हात वर करून उभा. "मला दिसला," तू म्हणालास. "पन पाय ऐकला नाय." बॉल वरून गेला. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा तर तू समोरच्या तिघांच्या अंगावर मारलास. तिथल्या कोचने तुला बाहेर बोलावलं आणि शेजारच्याला म्हणाला, "लड़का अच्छा है, पर इसको दिखता नहीं।"

तू ते हिंदीतच सांगितलंस, त्याच्याच आवाजात, आणि हसलास. मला हसू आलं नाही. ज्याला सगळ्यांच्या आधी दिसायचं त्याला कुणीतरी असं म्हणावं? माझं डोकं फिरलं. म्हणालो, "आपण जाऊ, त्या कोचला सांगू. काकांनाही सांगतो, तुमच्या त्या घड्याळांनी आणि कळशांनी..." तू उलथनं माझ्या नाकासमोर धरलंस. "कोनाला काय सांगनार? आये पयली इचारंल, पापलेटं कोनी लावली व्हती? ती मार्केटात बसायची बंद होईल. तिला काय बोलायचं नाय. शपत घे." मी घेतली. मग आपण बोंबील खाल्ले. जरा करपले होते.

नंतर तूच मला न्हावाशेव्याकडच्या कंटेनर यार्डात चिकटवलंस, जिथे तू स्वतः होतास. तिथल्या दुपारी मला अजून आठवतात. पत्रा तापून डोळ्यांपुढे हवा हलते आहे, आपण दोघं एका कंटेनरच्या सावलीत डबा उघडून बसलो आहोत, आणि तू मला सांगतो आहेस की तिला फोन कर, पण भांडायला नको, नुसतं कशी आहेस विचार. मी महिनाभर टाळलं. केला तेव्हा तिने नंबर बदललेला होता. आणि पुढच्याच पावसात उरण रस्त्यावर ट्रेलरने तुझ्या बाईकला धडक दिली. मी दुसऱ्या शिफ्टला होतो. त्याबद्दल मला आजही लिहिता येत नाही, तेव्हा राहू दे.

काल तुझ्या आईने मला बोलावलं. पाटीचं तिच्या कानावर गेलं होतं. आता ती मार्केटला बसत नाही, गुडघे गेलेत, पण घरापुरती मासळी विळीवर स्वतःच कापते. तिच्या दारातून आता उलव्याचा डोंगर दिसत नाही. विमानतळासाठी तो कापत आणला आहे, सुरुंग उडतात तेव्हा भांडी वाजतात. तिने मला समोर पाटावर बसवलं. मांदेली साफ करत होती, मान वर न करता म्हणाली, "काका बोलतो, पैशे खाल्ले. इतकी वर्सं बोलतो. मला नाय पटत."

"का, मावशी?"

"पैशे खाल्ले असते तर तो घरी येऊन शिव्या देत बसला असता. ओट्यावर बसून आख्ख्या गावाला आयकवल्या असत्या. तो गप बसला. तो गप बसायचा तवा त्याची चूक असायची, नायतर माजी." विळी थांबली. "तुला सांगितलं व्हतं ना त्यानं? तुमी दोगं तर एका डब्यात जेवायचात. काय झालं त्या दिशी?"

दादा, माझ्या तोंडात दोन उत्तरं होती. एक काकांचं, ते तिला पटत नव्हतं. दुसरं तुझं, ते तिला लगेच पटलं असतं. ती त्याच्या दारापर्यंत येऊन उभी होती, नुसतं ढकलायचं बाकी होतं. आणि मी कसा, जे मनात येईल ते फाडकन बोलून मोकळा होणारा. खरं बोलायची एवढी जबर उबळ मला कधी आली नव्हती. मी तिच्या हातांकडे बघितलं. खवल्यांनी चमकत होते. म्हणालो, "सांगितलं होतं मावशी. त्या दिवशी तिकडे त्याच्यापेक्षा चांगली पोरं आली होती. बस, एवढंच झालं."

तिने हातातली मांदेली खाली ठेवली. मला वाटलं, पकडला गेलो. मग तिने मांदेली पुन्हा हातात घेतली आणि तोंडातल्या तोंडात म्हणाली, "खोटं बोलला तुला. त्याच्यापेक्षा चांगला कोन असनार? तू तर बगितलंस त्याला."

"बघितलं ना."

"मग?" असं म्हणून ती हसली. अगदी तुझ्यासारखी, एका बाजूने. "आनि त्या पाटीवर अन्याय नि बिन्याय नको लिवू. पोरं शेडीत पानी प्यायला बसतील, त्यांना कशाला रडगानं? नाव लिव, हितं खेलायचा म्हनून लिव. झालं."

तसंच लिहून दिलं. नाव, आणि खाली 'इथे खेळायचा'. काका फुगून बसले आहेत. "एवढंच? यासाठी तुला कॉलेजात घातला होता?" मी उलट बोललो नाही. चहा सांगितला आणि त्यांच्या शेजारी बसलो. त्यांनी मला पुन्हा एकदा सगळी मॅच ऐकवली, चिरनेरच्या संघाविरुद्धची, तू पंचवीस यार्डांवरून मारलेल्या गोलाची. मी ऐकली. ती मॅच ते फार छान सांगतात.

हे तुला पोचायचं नाहीच, म्हणून एक कबूल करतो, कुणाला सांगितलं नाही असं. काकांना मी मनात हसतो खरा, पण यार्डात कामं थंड असली की मी पण त्या ट्रायलला जातो. पहिला बॉल तुझ्याकडे येतो. तू मान फिरवतोस, उजवीकडे बघतोस आणि दर वेळी पास देतोस. आणि उजवीकडे हात वर करून जो मोकळा उभा असतो ना, तो मी असतो. मला बॉल अडवतासुद्धा येत नाही हे तुला चांगलंच माहीत आहे. तरी तू मलाच देतोस.